अर्ध्या तिकिटाची गाडी

काळीपिवळी जीप बसस्थानकाबाहेर थांबली तेव्हा माझ्या मांडीवर कोणाची तरी पिशवी होती आणि खांद्याला एका झोपलेल्या पोरीचं डोकं टेकलेलं होतं. वेचणीचे दिवस. माहेरच्या गावाहून निघालेली ही सकाळची एकच गाडी, त्यामुळे मागच्या फळीवर, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना, दारात पाय रोवून, जिथं माणूस मावेल तिथं माणूस होतं. गाडीभर ओल्या कापसाचा, तंबाखूचा आणि कोणीतरी लेकीकडे चालवलेल्या आंबाडीच्या भाजीचा वास. माझ्या आधी एक मावशी उतरल्या. पन्नाशीच्या असतील. नऊवारीवर मुलाचा जुना शर्ट घातलेला, हातात पन्नीत गुंडाळलेलं बँकेचं पासबुक. त्यांनी कनवटीची गाठ सोडून वीस रुपयांची नोट काढली आणि ड्रायव्हरपुढे धरली. तो म्हणाला, "तीस द्या मावशी." त्या म्हणाल्या, "सरकारनं बायायले अर्धं केलं म्हंते ना? म्या तं पाच जास्तच देऊन रायली." गाडीतले दोघं-तिघं हसले. ड्रायव्हर हसला नाही. चांगला मुलगा आहे तो, आमच्याच शेजारच्या गावचा. म्हणाला, "ते एस्टीत हाय मावशी. तुमच्या गावात येते का एस्टी?" त्या क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पुन्हा गाठ सोडली, दहाचं नाणं शोधलं आणि पासबुक छातीशी धरून बँकेकडे चालू लागल्या.

मी रस्ता ओलांडून स्थानकात गेले. यवतमाळची गाडी लागलेलीच होती. खिडकीजवळची जागा मिळाली, आणि वाहकानं विचारायच्या आत मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "एक लेडीज, यवतमाळ." मशीनमधून सर्रकन् कागद आला. चाळीसेक किलोमीटरचा प्रवास, पस्तीस-छत्तीस रुपये. त्या मावशींनी बारा किलोमीटरला तीस दिले होते. मी महाविद्यालयात शिकवते, महिन्याच्या महिन्याला पगार होतो, यवतमाळला घर आहे. यवतमाळ ते तालुका या रस्त्यावर दिवसभर गाड्या आहेत. एक चुकली तर दुसरी मिळते.

अर्धं तिकीट मला मिळालं होतं.

17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं झालं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता आणि तो आजही आहे. त्या उन्हाळ्यात गाड्यांमध्ये बायकाच बायका दिसायच्या. ज्या वर्षातून एकदा माहेरी जायच्या त्या दोनदा-तीनदा जाऊ लागल्या. एकट्या, लेकरांना घेऊन, कोणाला न विचारता. नवऱ्याकडे भाड्यासाठी हात पसरायचा तो निम्मा पसरावा लागतो, एवढ्यानंही घरात बाईचा आवाज थोडा मोकळा होतो, हे मी माझ्या विद्यार्थिनींच्या आयांकडे बघून सांगते. जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के भाडेवाढ झाली, सहा किलोमीटरचा टप्पा 8.70 रुपयांवरून 10.05 वर गेला. तरी निम्म्यामुळे तो भार बायकांना सोसवला. म्हणून या सवलतीबद्दल वाकडं बोलणाऱ्यांशी मी वाद घालते. पण त्या सकाळपासून मनात एक खुपतंय. सवलत तिकिटावर लिहिलेली असते, आणि तिकीट फाडायला आधी गाडी यावी लागते.

आमच्या गावाला गाडी होती. मुक्कामी होती. संध्याकाळी सात-साडेसातला धूळ उडवत यायची, मारुतीच्या पारासमोर वळायची आणि रात्रभर तिथंच उभी राहायची. इंजिन बंद झालं की थोडा वेळ तापलेल्या लोखंडाचा टक् टक् आवाज यायचा; आम्ही पोरं तो ऐकायला बोनेटजवळ कान लावून उभी राहायचो. ड्रायव्हर-कंडक्टर उन्हाळ्यात टपावर झोपायचे, थंडीत शाळेच्या वऱ्हांड्यात. त्यांचं जेवण पाळीपाळीनं गावातल्या घरांतून जायचं. आमच्या घरची पाळी असली की आजी ज्वारीच्या भाकरी थोड्या जास्त थापायची आणि वरून झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा. त्या बदल्यात कंडक्टर गावाचा निरोप्या होता. दवाखान्याची चिठ्ठी त्याच्याकडे दिली की दुसऱ्या दिवशी औषध यायचं. पेपर यायचा, पंपाचं वायसर यायचं, लग्नपत्रिकांचे गठ्ठे यायचे. पहाटे साडेपाचला तो हॉर्न वाजवायचा, लांब, एकदाच. त्या हॉर्नवर गाव उठायचं. दुधाच्या बरण्या, भाजीची पोती, परीक्षेची पोरं, बाळंतीण, सगळं त्या एका गाडीत चढायचं. कंडक्टर पत्र्याच्या पेटीतून रंगीत तिकिटं काढून पंचानं टचटच भोकं पाडायचा. शिल्लक पैसे देणं जमलं नाही तर तिकिटाच्या मागं आकडा लिहून द्यायचा आणि संध्याकाळी आठवणीनं चुकते करायचा.

मी शिकले ती त्या गाडीमुळे. हे बोलायला सोपं वाटतं, पण त्याचा दुसरा अर्धा भाग सांगितल्याशिवाय ते खरं होत नाही. सातवीपर्यंत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण नाल्यापलीकडच्या टोलीवरची, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीतली. आठवीपासून शाळा तालुक्याला. गाडी आमच्या पारापर्यंत यायची, टोलीपर्यंत नाही. पावसाळ्यात नाला भरला की पहाटेच्या अंधारात एकट्या पोरीला कोण पलीकडे सोडणार? तिच्या वडिलांनी दोन महिने सोडलं. मग कापसाची निंदणी आली आणि ते थांबलं. ती माझ्यापेक्षा गणितात हुशार होती. आज ती निंदण-खुरपणाला जाते आणि भेटली की माझ्या हातातली पुस्तकं उलटून बघते. आता पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट मिळतो, मानव विकास मिशनच्या निळ्या गाड्या 125 तालुक्यांत खास मुलींसाठी धावतात. त्या निळ्या गाडीतून दप्तरं सांभाळत उतरणाऱ्या पोरी बघितल्या की माझा ऊर भरून येतो. आणि लगेच माझी नजर शोधू लागते, या गाडीच्या मार्गावर न आलेली टोली कोणती.

मुक्कामी गाडी एका दिवसात बंद झाली नाही, तशी ती कधीच होत नाही. आधी तिचा मुक्काम गेला आणि ती रात्रीची परत जाऊ लागली. मग सकाळची फेरी नऊला येऊ लागली, म्हणजे मजुरी करणाऱ्याला आणि शाळेत जाणाऱ्याला दोघांनाही तिचा उपयोग उरला नाही. करोनात सगळंच थांबलं. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीला कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. त्या माणसांचं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं. ज्यांना आम्ही भाकरी वाढली ते किती तुटपुंज्या पगारावर रात्री-अपरात्री गाड्या हाकत होते हे गावाला ठाऊक होतं. पण त्या साडेपाच महिन्यांत लोकांनी मिळेल ती सोय धरली. ज्याच्याकडे थोडा पैसा होता त्यानं हप्त्यावर मोटारसायकल घेतली. ज्याच्याकडे नव्हता तो काळीपिवळीच्या दारात लटकला. संप मिटल्यावर मोठ्या रस्त्यांवरच्या गाड्या सुरू झाल्या, आडगावांच्या फेऱ्या राहिल्या त्या राहिल्याच. तेव्हा विचारायला गेलेल्या लोकांना उत्तर मिळालं, भारमान नाही.

भारमान म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या त्याचं प्रमाण. आगारातली माणसं हा शब्द डॉक्टर रक्तदाब सांगतात तसा सांगतात, आणि त्यांचंही चुकत नाही. डिझेल लागतं, टायर लागतात, खड्ड्यात पाटा तुटला की गाडी दोन दिवस उभी राहते. पण खेड्याच्या फेरीचं भारमान बघण्यात एक खोट आहे. सकाळी गावाहून निघालेली गाडी ओसंडून जाते आणि परत येताना रिकामी येते, कारण त्या वेळी खेड्याकडे कोण येणार? सोमवारी बाजाराला उभं राहायला जागा नसते आणि बुधवारी आठ माणसं असतात. वेचणीत गर्दी, उन्हाळ्यात शुकशुकाट. या सगळ्याची सरासरी काढली की फेरी तोट्यात दिसते. त्या सरासरीत बुधवारच्या आठ माणसांपैकी एक गरोदर बाई आणि एक सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा पोरगा होता हे कुठेच उमटत नाही. सिकलसेल, डायलिसिसच्या रुग्णांना साध्या गाडीत पूर्ण सवलत आहे. माझा एक कोलाम आदिवासी विद्यार्थी दर महिन्याला गोळ्या आणायला यवतमाळला येतो. तालुक्यापासून पुढे त्याला एक पैसा लागत नाही. तालुक्यापर्यंत तो कोणाच्या तरी मागे बसून येतो, आणि ज्या महिन्यात कोणी मिळत नाही त्या महिन्यात गोळ्या संपून जातात. मग अंग ठणकायला लागतं तेव्हा दोनशे रुपयांचा ऑटो करून यावंच लागतं.

मला वाटतं, इथंच सगळी गोम आहे. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं, पण ते विकलेल्या तिकिटामागे. जिथं गाडी जाते तिथं तिकीट फाटतं, जिथं तिकीट फाटतं तिथं सरकारचा पैसा जातो. जिथं गाडीच नाही त्या गावाच्या वाट्याला या योजनांमधला एक रुपया येत नाही, आणि नेमकी तीच गावं सगळ्यांत गरीब, सगळ्यांत आत, नाल्यापलीकडे असतात. तिथल्या बाईनं पूर्ण भाडं द्यायचं, तेही जीपवाला सांगेल ते. म्हणून अशा मार्गांसाठी पैसा तिकिटामागे न देता चाललेल्या किलोमीटरमागे द्यावा, गाडीत आठ माणसं असोत की अठ्ठावन्न. सकाळी कामाच्या वेळेला एक जाणारी आणि संध्याकाळी एक येणारी फेरी प्रत्येक गावाचा हक्क म्हणून लिहून ठेवावी. गावातली शाळा पटावर मोजली जाते आणि बंद होते, तेच गाडीचंही होऊ द्यायचं का? गाडी लहान असली तरी चालेल. पण ती रोज यावी, आणि आज येईल की नाही हे फाट्यावर उभ्या माणसाला आकाशाकडे बघून ठरवावं लागू नये.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आणि आईच्या आयुष्यात जे घडलं ते मी शेजारून पाहिलंय. दिग्रसच्या मावशीला ती कित्येक वर्षांत भेटली नव्हती. दर वेळी म्हणायची, "कायले त्या पोराचा खर्च?" आता तिच्या पिशवीत आधार कार्ड कायम असतं. वाहकानं बघायला मागितलं नाही तरी ती स्वतःहून दाखवते, कारण फुकट बसल्याचा संशय तिला सहन होत नाही. दिग्रसला जाऊन आली तेव्हा दोन दिवस फक्त गाडीतल्या गोष्टी सांगत होती. कोणती बाई भेटली, तिची सून कशी आहे, अरुणावतीच्या धरणात पाणी किती दिसलं. पण गाडीची पहिली पायरी तिच्या टोंगळ्यापेक्षा उंच येते. स्थानकात एक वेळ ओटा तरी असतो, फाट्यावर गाडी रस्त्याच्या कडेला थांबते आणि कड उतरती असते, म्हणजे पायरी आणखी वीतभर वर. आई दांडा धरते, एक पाय टाकते आणि तिथंच थांबते. मागून कोणीतरी हात लावतं, आतून वाहक "सावकाश, आई" म्हणतो, आणि ती चढते. तो "सावकाश" न म्हणणारा वाहक अजून आम्हाला भेटलेला नाही. पण तिच्या वयाच्या कितीतरी जणी त्या पायरीपाशी हरून घरी बसल्यात. आणि हे सगळं तालुक्यापासून पुढचं. घरापासून तालुक्यापर्यंत आई माझ्या भावाच्या मोटारसायकलवर येते, एका बाजूला बसून, एका हातानं त्याचा शर्ट घट्ट धरून. जिच्या घरात मोटारसायकल नाही, किंवा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, तिच्या पिशवीतल्या आधार कार्डानं ती दिग्रसला पोचत नाही.

आजीचं माहेर कारंज्याकडचं. ती यवतमाळहून शकुंतलेनं जायची. मूर्तिजापूरकडे धावणारी ती अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या दिशेनं न्यायला इंग्रजांच्या काळात टाकलेली; माणसं तिच्यावर नंतर बसली, आणि कापूस गेल्यावरही बसत राहिली. 1921 सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन तिला 1994 पर्यंत ओढत होतं. आजी सांगायची की गाडी इतकी हळू जायची की चढावर पोरं उतरून बोरं वेचायची आणि पुन्हा चढायची. तिच्या सांगण्यात वेळेची तक्रार कधीच नसे. भाडं इतकं थोडं होतं की गुरुमंदिराला जायचं मनात आलं की जाता यायचं, ही गोष्ट ती परत परत सांगायची. ती गाडी आता बंद आहे, रुळांवर बाभळी वाढल्यात. तिकडे कारंज्याजवळूनच समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून 2025 ला सगळा 701 किलोमीटर. मी त्यावरून गेले आहे आणि तो रस्ता खरोखर सुंदर आहे. पण दुचाकी आणि ऑटोला त्यावर जागा नाही. ज्यांच्या वावरांमधून तो गेला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे याहून मोठं वाहनच नाही. ते पुलाखालून आपल्या शेतात जातात.

रेल्वेचंही बघा. करोनानंतर पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसचं भाडं लावून धावल्या, कमीत कमी तिकीट दहाचं तीस झालं. फेब्रुवारी 2024 मध्ये ते पुन्हा दहावर आलं. मधल्या काळात गोंदिया-बल्लारशा मार्गावर मोहफुलं, भाजी, कोंबड्या घेऊन दोन-तीन स्टेशनं जाणाऱ्या बायकांनी काय केलं असेल? दहाचं तीस होणं ही शहरातल्या माणसाला न जाणवणारी गोष्ट. टोपलीतल्या मालावर दिवसाला शंभर रुपये सुटतात तिथं जाऊन-येऊन चाळीस जास्त गेले की ती टोपली उचलायचीच कशाला?

1 जानेवारी 2025 ला गडचिरोलीत अहेरी ते गर्देवाडा एसटी सुरू झाली. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर. मी ती बातमी परत परत वाचली. एटापल्ली तालुक्याच्या त्या टोकाला भारमान किती असेल, याचा हिशेब कोणी घातला नाही, आणि ते योग्यच झालं. तिथं गाडी नेणं हे राज्याचं काम आहे असं ठरवलं आणि गाडी गेली. म्हणजे ठरवलं तर होतं. जे गर्देवाड्याला झालं ते नक्षल्यांच्या बंदुकीची भीती नसलेल्या, बातमीत न येणाऱ्या, फक्त नाल्यापलीकडे असलेल्या गावालाही व्हायला हवं.

त्या मावशींची आणि माझी पुन्हा भेट झाली, त्या आमच्या गावात सोयाबीनचं कुटार भरायला आल्या होत्या. मी विषय काढला तर त्यांनी सगळा हिशेब बोटांवर मांडला. जीपचे जाऊन-येऊन साठ. एसटी असती तर वीस. वरचे चाळीस म्हणजे वेचणीचा चार किलो कापूस. हात चांगला चालला तर दिवसाला तीस-पस्तीस किलो होतो, म्हणजे बँकेत जायचं तर त्या दिवसाची पूर्ण मजुरी गेली आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला तास जीपवाल्याचा. त्यात बँकेत अंगठा उठत नाही, बोंडांनी बोटं घासून गेलीत, मग "परत या" म्हणतात. "परत या म्हंते तं पुन्हा साठ," त्या म्हणाल्या, आणि कुटाराचं गाठोडं डोक्यावर घेऊन गेल्या.

या उन्हाळ्यात दोन्ही गावच्या बायका आईच्या ओट्यावर बसल्या आणि आम्ही आगारासाठी अर्ज लिहिला. मी लिहित होते, त्या सांगत होत्या. भाड्याबद्दल कोणी काही सांगितलंच नाही. सगळी चर्चा वेळेवर झाली. साडेसहाला निघाली तर शाळा, मजुरी आणि दवाखान्याची ओपीडी तिन्ही साधतं. सातची झाली तर मजुरीचा ऑटो निघून जातो. परतीची साडेपाचला हवी, सहा नको, कारण दिवाळीनंतर सहाला अंधार होतो आणि पोरी फाट्यापासून चालत येतात. सोमवारी दुपारी एक जास्तीची, बाजारासाठी. आगारातल्या माणसानं अर्ज नीट वाचला. नव्या गाड्या आल्या की बघू म्हणाला, आणि मग त्यानं असा प्रश्न विचारला जो आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. पारासमोर गाडी वळायला अजून जागा आहे का?

नव्हती. इतक्या वर्षांत गाडी न आल्यामुळे तिथं तीन घरांच्या पऱ्हाट्या रचल्या गेल्यात, एक शेणखताचा उकिरडा झालाय आणि ग्रामपंचायतीनं मधोमध विजेचा खांब रोवलाय. पऱ्हाट्या हलवायला दोघं तयार झाले. तिसरा म्हणतो, गाडी येणार असं लेखी दाखवा, मग उचलतो. खांबासाठी ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे, आणि आई तेव्हापासून रोज सरपंचाच्या घरी जाऊन तारीख विचारतेय.